ब्रॉड बीन म्हणजे वाल नव्हे, आणि पाकिटावरचं नाव म्हणजे बी नव्हे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात रविवारच्या पुरवणीत जुन्या, मागे पडलेल्या भाज्यांवर अर्धं पान आलं होतं, ते मी इथे इंग्लंडमध्ये मोबाइलवर वाचलं. आधी आनंदच झाला, कारण फोटोत चक्क लाल फुलांचा ब्रॉड बीन होता, जो मी गेली आठ वर्षं लावतेय आणि ज्याच्यावर मराठीत कुणी दोन ओळी लिहिल्याचं माझ्या तरी बघण्यात नव्हतं. मग फोटोखालची ओळ वाचली, "लाल फुलांचा विलायती वाल". बरं, घाईत झालं असेल म्हणून सोडून द्यावं तर शेजारी रेसिपी, आणि साहित्यात काय तर "ब्रॉड बीन्स (म्हणजेच वाल) पाव किलो". आणि शेवटी एक मोघम वाक्य, की या हेरिटेज जाती "दिसायला सुंदर" असतात. या तिन्हींनी माझं डोकं फिरलं म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त तिसरा परिच्छेद कापू नका, का ते तिथं कळेलच.

वाल आणि पावटा हे लॅबलॅब कुळातले. ब्रॉड बीन म्हणजे व्हिसिया फाबा (फावा बीन म्हणतात तोही हाच), त्याची भाऊबंदकी मटार, मसूर आणि लाखेच्या डाळीशी, वालाशी फार लांबची. झाड एकदा हातात धरलं की परत कधी गोंधळ होत नाही. वाल वेलासारखा पसरतो, चढतो, हा मात्र शिपायासारखा सरळ उभा. खोड चौकोनी आणि आतून पोकळ, चिमटीत धरून फिरवलं तर चारही कडा बोटाला लागतात. तणावे नसतातच, त्यामुळे कशाला धरून ठेवत नाही आणि वारा आला की अख्खी रांग आडवी होते. शेंग जाडजूड, वर तोंड करून निघते, सोलली की आत पांढरं मऊ अस्तर, सावरीच्या कापसाची गादी असावी तसं, आणि त्यात दाणे निजलेले. पिकली की शेंग काळी पडते, चामड्यासारखी होते. घोटाळ्याचं मूळ मला कळतं, आपल्याकडच्या इंग्रजीत वालपापडीलाच ब्रॉड बीन म्हणायची पद्धत पडलीय. हिंदीत या दाण्याला बाकला म्हणतात, शब्द अरबी-फारसीकडून आलाय, आपणही तो घ्यावा असं मला वाटतं, निदान कंसात वाल तरी लिहू नये. गंमत म्हणजे राजमा, फरसबी वगैरे मंडळी अमेरिकेतली, कोलंबस १४९२ मध्ये तिकडे जायच्या आधी युरोपात बीन म्हटलं की प्रामुख्यानं हाच दाणा. म्हणजे खरा जुना मानकरी हा आणि त्यालाच आता ओळखपत्र दाखवावं लागतंय.

आता तो तिसरा परिच्छेद. जी-६-पीडी नावाचं एक एन्झाइम आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळतं, काही लोकांत ते जन्मतःच कमी असतं. जगात असे अंदाजे ४० कोटी लोक आहेत, भारतातही आहेत, आणि ते एक्स क्रोमोसोमवरून येत असल्यामुळे त्रास मुलग्यांत जास्त दिसतो. ब्रॉड बीनमध्ये व्हायसिन आणि कॉन्व्हायसिन अशी दोन द्रव्यं असतात, ती अशा माणसाच्या पोटात गेली की तांबड्या पेशी फुटायला लागतात, लघवी गडद होते, अंग पिवळं पडतं, लहान मुलाच्या जिवावरही बेतू शकतं. याला फेव्हिझम म्हणतात, नावच मुळी या दाण्यावरून. शिजवल्यानं धोका जातो असं धरून चालू नये. ज्या घरात डॉक्टरांनी ही कमतरता सांगितलीय त्यांना "फावा बीन टाळा" असं लिहून दिलेलं असतं, आणि ती आई तुमची पुरवणी वाचून म्हणणार, हे तर वाल आहेत, आपण नेहमी खातो. म्हणून कंसातला एक शब्द मला एवढा टोचला. (तसंच काही डिप्रेशनच्या जुन्या गोळ्या, एमएओआय प्रकारातल्या, घेणाऱ्यांनीही हा दाणा टाळायचा असतो, कारण यात एल-डोपा असतं. आपापल्या डॉक्टरांना विचारावं, मी डॉक्टर नाही.) पायथागोरसनं शिष्यांना हा दाणा वर्ज्य केला होता म्हणतात. त्यामागे फेव्हिझम होता का आणखी काही यावर लोक अजून वाद घालतात.

हे झालं नावाचं. पण खरं सांगायचं तर नावावरून ओरडायचा मला पूर्ण हक्क नाही, कारण चुकीचं नाव लावून बी वाटण्याचा उद्योग मी स्वतः केलाय. ते सांगायच्या आधी हेरिटेज म्हणजे काय ते थोडं सांगते, नाहीतर "दिसायला सुंदर" यावरच गाडी अडायची.

इथे १९७० च्या दशकात बियाण्यांचा कायदा असा आला की सरकारी यादीत नोंदलेल्या जातीचंच बी विकायचं. नोंदणीला पैसे लागतात, जात वेगळी, एकसारखी आणि स्थिर आहे हे चाचणीत सिद्ध करावं लागतं. आता कुणाच्या आजोबांनी परसात चाळीस वर्षं राखलेल्या घेवड्यासाठी हे कोण करणार? कितीतरी जाती यादीबाहेर पडल्या आणि यादीबाहेर म्हणजे दुकानाबाहेर. तेव्हा हेन्री डबलडे रिसर्च असोसिएशन नावाच्या संस्थेनं, जिला आता गार्डन ऑरगॅनिक म्हणतात, अशी बियाणी गोळा करायला सुरुवात केली, तीच आजची हेरिटेज सीड लायब्ररी. साधारण ८०० जाती त्यांच्याकडे आहेत. यादीबाहेरचं बी विकता येत नाही म्हणून मेंबरशिप घ्यायची आणि दर हिवाळ्यात मोजकी पाकिटं निवडायची, आणि काही लोक स्वतःच्या बागेत बी वाढवून लायब्ररीला परत देतात, त्यांना सीड गार्डियन म्हणतात.

लाल फुलांचा ब्रॉड बीन, क्रिमझन फ्लॉवर्ड, हा असाच वाचलेला. त्याचा उल्लेख अठराव्या शतकापासून आहे, म्हणजे पेशवाईतला म्हणा ना. पण विसाव्या शतकात तो बाजारातून गेला तो गेलाच. १९७८ मध्ये केंट परगण्यातल्या एका वयस्कर बाईंनी आपल्याकडचं बी या संस्थेला दिलं, त्यांच्या वडिलांनी ते कधीकाळी मिळवलेलं आणि घरात राखलेलं. आज जगात जिथं कुठं ही जात आहे त्यातली बरीचशी त्या मूठभर दाण्यांची लेकरं. मला हे वाचल्यावर पहिल्यांदा काय वाटलं असेल तर भीती. त्या बाईंच्या कपाटात उंदीर शिरला असता तर?

मार्टॉकचंही तसंच. सॉमरसेटमधलं मार्टॉक गाव, तिथला हा बारीक दाण्याचा बीन मध्ययुगापासूनचा मानतात, वेल्समधल्या बिशपच्या वाड्यात तो टिकून राहिला. (वेल्स म्हणजे ते गाव, वेल्स देश नव्हे, इथे नावांचा घोळ सगळीकडेच आहे.) त्या भागात एक जुनी चेष्टा आहे की मार्टॉकच्या माणसाची कॉलर धरून त्याला हलवलं तर पोटात बिया वाजतात. दाणा लहान, पिठाळ, वाळवून ठेवायचा. कोवळा खायला आणाल तर म्हणाल यात काय आहे, पण वाळवून, भिजवून, मंद आचेवर शिजवला की लोण्यासारखा होतो, म्हणजे तो खरं तर भाजी नव्हेच, ते कडधान्य आहे, आणि जुन्या काळी गरिबाचं पोट त्यावरच भरायचं.

तर माझी गोष्ट. अलॉटमेंट म्हणजे काउन्सिलकडून भाड्यानं मिळालेली भाजीपाल्याची जमीन, माझा अर्धा प्लॉट आहे, साधारण १२५ चौरस मीटर. पहिल्या वर्षी मी लाल फुलांची तीस झाडं लावली. मे महिन्यात फुलली तेव्हा मी अर्धा तास नुसती उभी होते. नेहमीच्या ब्रॉड बीनचं फूल पांढरं असतं आणि पाकळीवर काळाभोर टिपका, जणू दृष्ट लागू नये म्हणून लावलेला. याचं फूल मात्र गडद किरमिजी, जास्वंद नव्हे, त्याहून खोल, जुन्या पैठणीच्या काठासारखं, आणि वास इतका गोड की संध्याकाळी वाफ्याशी गेलं की आधी वास येतो मग फूल दिसतं. झाड बुटकं, तीन फुटांच्या आतलं, शेंगा आखूड आणि आभाळाकडे तोंड केलेल्या.

चार वर्षं सगळं छान चाललं. दरवर्षी चांगली झाडं बघून शेंगा राखायच्या, झाडावरच काळ्या होऊन वाळू द्यायच्या, बी काढून कागदी पाकिटात. पाचव्या वर्षी शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनी ग्रीन विंडसर लावला, ही एकोणिसाव्या शतकातली मोठ्या गोल दाण्याची जात, चवीला फार छान. माझ्या वाफ्यापासून मोजून वीस पावलं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, आपला शेजार छान जमलाय, एकीकडे लाल एकीकडे पांढरा. त्या सप्टेंबरला बी काढलं, टपोरं, निर्दोष, नेहमीसारखंच दिसणारं. दहा पाकिटं भरली, वर सुवाच्य अक्षरात "क्रिमझन फ्लॉवर्ड, १७०० च्या शतकातली जुनी जात" असं लिहिलं आणि जानेवारीत सीड स्वॅपला, म्हणजे बियांच्या अदलाबदलीच्या मेळाव्याला, नेऊन वाटली, लोकांना त्या केंटच्या बाईंची गोष्टही रंगवून सांगितली. पुढच्या मे महिन्यात माझ्या तीस झाडांपैकी नऊ झाडं पांढऱ्या-काळ्या फुलांची निघाली आणि दोनतीन अधल्यामधल्या फिक्या रंगाची, ना इकडची ना तिकडची.

झालं काय होतं, तर मटार स्वतःचं स्वतः फळतो, त्याची दोन वाणं शेजारी लावली तरी सहसा बिघडत नाही, आणि मी ब्रॉड बीनला मटारासारखाच धरून चालले होते. ब्रॉड बीनचं तसं नाही, सरासरी तिसरा हिस्सा बी परक्या परागाचं असू शकतं, परिस्थितीनुसार फार कमी किंवा फार जास्त. हे काम गुबगुबीत बम्बलबी करतात, आपल्या भुंग्याच्या जातकुळीतल्या. लांब जिभेची बाई समोरून रीतसर फुलात शिरते आणि पराग नेते-आणते. आखूड जिभेची मात्र फुलाच्या बुडाशी भोक पाडून मागच्या दारानं मध चोरते. फूल तोडून देठाकडची बाजू बघा, बारीक तपकिरी भोक दिसलं की समजायचं चोरी झालीय. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे बियाची साल ही आईची असते. बाप कुणीही असो, त्या वर्षी दाणा आईसारखाच दिसणार. आत काय आहे ते पुढच्या वर्षी फूल उमलल्यावरच कळतं. म्हणजे मी पाकिटावर नाव घातलं तेव्हा ते नाव साफ चुकीचं होतं आणि ते मला कळायचा काही मार्गच नव्हता, हे मी स्वतःची समजूत घालायला सांगतेय. शेजारी वीस पावलांवर पांढरी फुलं डोळ्यांना दिसत होती की. बी धरणारे जाणकार दोन जातींत निदान अर्धा किलोमीटर अंतर ठेवा म्हणतात, अलॉटमेंटवर ते कुठून आणायचं?

त्या नऊ झाडांचं मी काय केलं? उपटली. फुलात असलेलं तगडं झाड उपटायला जिवावर येतं, पण भेसळ काढायची तर पहिली फुलं उमलताच काढावी लागते, उद्यावर टाकलं की तोवर बम्बलबी फिरून गेलेली असते. आता मी काय करते, तर बियासाठीची झाडं वेगळी एका चौकटीत लावते आणि फुलं यायच्या आत वरून बारीक जाळी टाकते. जाळीत किडा नाही म्हणजे परागीभवन आपणच करायचं, सकाळी जाळी वर करून फुलाच्या खालच्या पाकळ्या बोटानं हलकेच दाबायच्या, टिचकीसारखं, म्हणजे आतला पराग आतल्या आतच लागतो. शेजारी म्हणतात ही बाई शेंगांशी बोलते. उघड्यावरच्यापेक्षा शेंगा कमी धरतात पण ज्या धरतात त्या खात्रीच्या. आणि बी पंचवीस-तीस झाडांकडून तरी घ्यावं, दोनचार झाडांवर भागवलं की काही पिढ्यांत जात कमजोर पडते.

लागवडीचं फार सांगत नाही, सोपं पीक आहे. बी दोन इंच खोल टोकायचं, वीतभर अंतरावर, दोन ओळी जवळ आणि मग दोन फूट मोकळं. लाँगपॉड नावाचा जो गट आहे, लांब शेंगेचा, आठेक दाण्यांचा, त्यातला अॅक्वाडल्स क्लॉडिया हा काटक, तो नोव्हेंबरात लावून बर्फात उभा ठेवता येतो. विंडसर गट आखूड रुंद शेंगेचा, चार-पाच मोठे गोल दाणे, चव त्याची सरस पण थंडी सोसत नाही, फेब्रुवारी-मार्चशिवाय लावू नये. दाणे पेरले की उंदीर वासावर येतात, मी आता पुठ्ठ्याच्या नळकांड्यात घरातच रोपं करते. चारी कोपऱ्यांत काठ्या आणि दोरी, ते विसरलात तर पहिल्या वादळात धडा मिळतो.

मग मावा. काळा मावा या झाडावर येतो तसा कशावर येत नाही, शेंड्याला काळं मखमल गुंडाळल्यासारखं. औषधबिषध नको, खाली पहिल्या शेंगा दिसल्या की वरचा चार बोटं शेंडा खुडायचा, माव्याला कोवळंच लागतं, ते गेलं की तो अर्धा जातो, आणि खुडलेले शेंडे (मावा लागायच्या आत खुडलेत तर) पालकासारखे परतून फार छान लागतात. मुंग्या दिसल्या तर लगेच घाबरू नका, पानाच्या बुडाशी जे छोटे काळे ठिपके असतात त्यातून मध पाझरतो, त्यासाठी त्या येतात. ओल्या वर्षात पानांवर चॉकलेटी ठिपके पडतात, बुरशी आहे, झाडं दाट लावू नयेत एवढाच उपाय मला ठाऊक आहे. तांबेरा शेवटी शेवटी येतो, तोवर शेंगा निघालेल्या असतात. पीक संपलं की झाड मुळासकट उपटू नका, बुडाशी कापा. एखादंच उपटून बघा मात्र, मुळांवरच्या गाठी नखानं फोडल्या की आत गुलाबी निघतात, रक्तासारख्या, आपल्या हिमोग्लोबिनचाच एक भाऊबंद तिथं असतो, आणि हवेतला नायट्रोजन त्या गाठींतच बांधला जातो.

साठवणीत भुंगेरा. वाळलेल्या दाण्याला गोल भोक पडलेलं दिसतं, शेतात शेंग हिरवी असतानाच तो आत शिरलेला असतो. पूर्ण वाळलेलं बी घट्ट बरणीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं की आतला मरतो. पूर्ण वाळलेलं हे महत्त्वाचं, ओलसर ठेवलंत तर बीच मरेल.

आता स्वयंपाक, ज्यासाठी मुळात तुमचं अर्धं पान होतं. तुमच्या रेसिपीत दाणे सोलायचे का नाही याचा उल्लेखच नाही, आणि या दाण्याचं सगळं तिथंच अडतं. इथल्या लोकांना ब्रॉड बीन शाळेतल्या जेवणातला राखाडी, कडवट, चिवट म्हणून आठवतो, कारण मोठा जून दाणा सालीसकट उकडलेला. साल काढायला हवी. इथे याला दोनदा सोलणं म्हणतात आणि त्याचं भलतंच कौतिक, जसं काही कुणा शेफनं शोध लावला. ज्यांनी आयुष्यभर बिरडं सोललंय त्यांना काय सांगायचं! फरक इतकाच की वाल भिजवून मोड आणून सोलतो, हा ओला दाणा मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून गार पाण्यात काढायचा, मग एका टोकाला नख लावून चिमटीत दाबला की आतला पोपटी गर टुणकन उडतो. पहिले पाच-सहा जमिनीवरच पडतात.

सोलायचा का नाही हे कसं ठरवायचं? दाणा शेंगेला जिथं चिकटलेला असतो तिथली रेघ बघा. हिरवी किंवा पांढरी असेल तर तसाच टाका, काळी झाली असेल तर सोला. शेंग करंगळीएवढी असताना तोडली तर शेंगेसकट खाता येते. आणि हिशोब आधी करून ठेवा, किलोभर शेंगांतून दाणे निघतात जेमतेम तिसरा हिस्सा, सोलल्यावर आणखी कमी. पाव किलो सोललेला दाणा पाहिजे तर टोपलीभर शेंगा लागतात, चारजण सोलायला बसवा.

लाल फुलांच्या झाडाचे दाणे मात्र लहान आणि हिरवेगार असतात, फूल लाल म्हणून दाणाही लाल असं नसतं, तुमच्या लेखात मात्र तो लाल असल्याचं सुचवलंय. हा मी सोलत नाही, तीन-चार मिनिटं वाफवून लोणी, मीठ आणि सेव्हरी नावाच्या पाल्याबरोबर खायचा. दाणा खरोखर तांबडा हवा असेल तर रेड एपिक्युअर बघा, तो चॉकलेटी-किरमिजी असतो, पण उकळलात तर रंग पाण्यात जातो, वाफवला तर बराचसा राहतो. पोलंडकडचा कार्माझिन गुलाबीसर तपकिरी. इटलीत एक जांभळ्या दाण्याचा आहे, पिकून वाळला की वांग्याच्या रंगाचा होतो, बरणीत भरून ठेवला तर पाहुणे आधी बरणीकडेच बघतात, म्हणजे दिसायला सुंदर हे अगदीच खोटं नाही, मान्य.

पण जुन्या जातींचा खरा कस लागतो तो वाळलेल्या दाण्याला. मार्टॉकसारखा बारीक दाणा रात्रभर भिजवायचा, पाणी बदलायचं आणि जाड बुडाच्या भांड्यात अगदी मंद आचेवर तीन-चार तास, मीठ शेवटी. इजिप्तमध्ये याचंच फूल मेदामेस करतात, रात्रभर निखाऱ्यावर ठेवलेलं, सकाळी लसूण, जिरं, लिंबू, तेल. इथे इंग्लंडच्या शेतात पिकणारा बारीक दाण्याचा फील्ड बीन बोटीनं इजिप्तला जातो आणि तिथली माणसं तो आवडीनं खातात, इथल्यांना विचाराल तर म्हणतात तो गुरांचा खुराक. इजिप्तमध्ये फलाफलही हरभऱ्याचं नाही, याच दाण्याचं करतात, त्याला तामिया म्हणतात, आतून हिरवंगार. दक्षिण इटलीत सोललेल्या डाळीचं घट्ट वरण करून त्यावर कडू पाला घालतात. इराणमध्ये ओला दाणा आणि भरपूर शेपू घालून भात, शेपू न आवडणाऱ्यांनीही एकदा खाऊन बघावा. सिचुआनची ती झणझणीत लाल पेस्ट, दोबानजियांग, तीही हाच दाणा मिरचीबरोबर आंबवून केलेली.

जाता जाता एक. या झाडाचा रानटी पूर्वज आजतागायत कुणाला सापडलेला नाही. २०२३ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा जनुकीय मजकूर, वाचून काढला, तो माणसाच्या चौपट मोठा निघाला. म्हणजे इतर पिकांसारखं, शेतातलं गेलं तर रानातून परत आणू, अशी सोय इथे नाही, आहे ते माणसांच्या हातातलंच. या दाण्याच्या जातींचा जगातला एक फार मोठा संग्रह इकार्डा या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, ती सीरियात अलेप्पोजवळ होती. युद्धात तिथली बियाणे-पेढी हातची गेली, पण आधीच एक प्रत नॉर्वेतल्या स्वालबार्ड बेटांवरच्या बर्फातल्या बियाणे-कोठारात ठेवलेली म्हणून २०१५ मध्ये ती बाहेर काढून लेबनॉन आणि मोरोक्कोत परत लावता आली. त्या कोठारातून बी बाहेर काढायची ती पहिलीच वेळ. तिथंही शेवटी कुणीतरी जाळी टाकून, पाकिटं नीट लिहूनच ठेवली असणार.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा, ब्रॉड बीन म्हणजे वाल नव्हे, आणि ज्यांना जी-६-पीडीची कमतरता आहे त्यांनी हा दाणा खाऊ नये. चौकटीत छापलीत तर उत्तम. माझी दुरुस्ती मी केलीय, त्या सीड स्वॅपला ज्यांना पाकिटं दिली त्यातल्या सात जणांना शोधून काढून सांगितलं, तिघं अजून सापडलेले नाहीत. एका बाईंनी उलट मलाच सांगितलं की त्यांच्याकडे एक अधलंमधलं फिकं गुलाबी फूल आलंय आणि ते त्यांना इतकं आवडलंय की त्या ते उपटणार नाहीत, बी धरणार आहेत. मी म्हटलं धरा, पण पाकिटावर क्रिमझन फ्लॉवर्ड लिहू नका. त्या म्हणाल्या, मग काय लिहू?

त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

आपली,
एक जुनी वाचक, सध्या मुक्काम इंग्लंड